राखणे आणि पुसणे

घरात चार हार्ड डिस्कचा एक डबा आणून ठेवण्यामागचे कारण पाणी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा मावशीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दोन ट्रंका होत्या. आजोबांची पत्रे, आजीच्या हातच्या हिशेबाच्या वह्या, लग्नामुंजींचे अल्बम. पाणी ओसरले तेव्हा पत्रांवरची शाई पसरून गेली होती आणि फोटो एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना चेहरे निघून येत. सांगलीला पूर नवा नाही. २००५ मध्ये आला होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. मधल्या वर्षांत मी सुटीला जाऊन उरलेसुरले कागद स्कॅन केले, कॅसेट उतरवून घेतल्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करून त्यांचे आवाज मुद्रित केले. ते सारे आता बंगळुरूच्या माझ्या घरात, कपाटाच्या मधल्या खणात, सतत गुणगुणणाऱ्या त्या डब्यात आहे. घरच्या नेटवर्कला जोडलेल्या अशा साठवणीला नॅस म्हणतात. भावंडे आपापल्या गावाहून ते पाहू-ऐकू शकतात.

हा डबा भरवशाचा कसा करायचा, हा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याची तांत्रिक उत्तरे चांगली आहेत. पण त्या प्रत्येक उत्तरापाशी थोडे थांबले की त्याच्या तळाशी दुसरा एक प्रश्न दिसू लागतो: राखणे म्हणजे नेमके काय, आणि आपण ते कोणाच्या वतीने करतो?

पहिले उत्तर असे की प्रत्येक डिस्क बिघडणार आहे हे धरूनच चालायचे. कधी ते सांगता येत नाही, एवढेच. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ लहान, स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, अशी त्यांची मांडणी होती. डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी बाजूला ठेवायची, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काही हरवणार नाही. या रचनेला 'रेड' हे नाव पडले. त्या नावात मुळात 'स्वस्त' या अर्थाचा शब्द होता. पुढे त्याच आद्याक्षराचा 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द तिथे रुळला. मला हा बदल अर्थपूर्ण वाटतो. कारण या रचनेचे सारे बळ डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडण्यावर अवलंबून आहे. एकाच कारखान्यातून एकाच घाण्यात निघालेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच तारेतून वीज घेणाऱ्या डिस्क पाठोपाठ जाऊ शकतात. म्हणूनच जाणती माणसे चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेऊ नका असे सांगतात.

चार डिस्कांत हरवलेले परत कसे मिळते ते पाहण्यासारखे आहे. समजा, तीन डिस्कांवर एकेक अंक आहे: १, ०, १. चौथीवर असा अंक लिहायचा की एकूण एकांची संख्या सम व्हावी. इथे तो ०. आता यांतली कोणतीही एक डिस्क काढून घ्या. उरलेल्या तिघींकडे पाहून गेलेलीवर काय होते ते ठामपणे सांगता येते. गेलेलीची नक्कल त्यांच्यापैकी एकीकडेही नव्हती. पण प्रत्येकीने आपापले सांगितले की जे रिकामे राहते, ते तिचेच असते. घरातले एखादे माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चौघे बोलू लागतात तेव्हा असेच काहीसे घडते.

माझ्याकडे प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क आहेत. एक डिस्क जाणे सोसायचे असेल तर १२ टेराबाइट जागा वापरता येते. दोन डिस्क जाणे सोसायचे असेल तर ८. मी दुसरा मार्ग घेतला. डिस्क गेल्यावर तिच्या जागी नवी बसवली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या तासन्‌तास चालणाऱ्या वाचनातच दुसरी दगा देण्याची भीती असते. घरगुती डिस्कांचे निर्माते स्वतःच छापतात की शंभर लाख कोटी बिट वाचताना एखादे बिट न वाचता येण्याची शक्यता धरावी. हा आकडा साडेबारा टेराबाइटच्या आसपास येतो. म्हणजे १६ टेराबाइटचे पैसे मोजून मी ८ टेराबाइट वापरते. उरलेली निम्मी रक्कम अजून न झालेल्या मृत्यूंची तजवीज आहे. आमच्या घरात कोणी चांगल्या कार्यासाठीही एवढी तजवीज केलेली नाही.

इथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. ही रचना डिस्कच्या मरणापासून वाचवते, माणसाच्या हातापासून वाचवत नाही. एखादी फाइल मी पुसली तर ती चारही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. कोणी घातक प्रोग्रॅम घरच्या संगणकात शिरून साऱ्या फाइली कुलूपबंद करू लागला, तर त्याची करणीही तितक्याच निष्ठेने चौघी उतरवून घेतात. आरशासमोर तोंड काळे करून उभे राहिले तर आरसा काय करणार? म्हणून या विषयातले पहिले बोधवाक्य असे आहे की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम याच्या पुढचा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या डब्याची एक प्रत नाशिकला धाकट्या भावाच्या कपाटात आहे. शिवाय डब्यात रोज रात्री स्नॅपशॉट घेतला जातो. त्या क्षणी काय काय होते याचे ते गोठवलेले रूप. ते फक्त वाचता येते, बदलता येत नाही. मी आज काही पुसले तरी कालच्या रूपात ते तसेच असते.

म्हणजे भरवशाची साठवण म्हणजे मालकाचे सगळे न ऐकणारी साठवण. ती माझ्या विस्मरणापासून, घाईपासून, रागाच्या भरात केलेल्या कृतीपासूनही माहितीला वाचवते. माझे भले करायचे तर तिने माझा हात धरलाच पाहिजे.

हे सगळे नवे वाटत असले तरी जादा प्रती करून राखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यातले नैतिक पेचही जुने आहेत. वेदपठणातल्या घनपाठात शब्द सरळ म्हटले जात नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशा क्रमाने ते उलटसुलट गुंफले जातात. त्यामुळे एक स्वर सटकला तरी गुंफण चुकते आणि ऐकणाऱ्याला कळते. चूक आपोआप उघडी पाडणारी अशी रचना कागदाशिवाय, केवळ कंठात, शतकानुशतके चालली. पण तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती अचूकता ज्या कंठांत राहिली ते मोजके होते; स्त्रिया आणि शूद्र यांना ते ऐकण्याचीही मनाई होती. प्रती पुष्कळ, पण सगळ्या एकाच घाण्यातल्या.

याच्या उलट महानुभावांच्या लीळाचरित्राचे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते अशा माणसांकडून गोळा करून तो ग्रंथ सिद्ध केला. मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. त्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ झाले. एकही मुळाशी तंतोतंत जुळतो असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, तरी ग्रंथ आहे. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. राखायचे, पण परक्याच्या डोळ्यापासून लपवून राखायचे. किल्ली ठाऊक नसलेल्यांना ती अक्षरे शतकानुशतके बंद राहिली.

आणि एकनाथ. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सांगून झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे प्रतीवरून प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक प्रतीत थोडेसे काही घसरले, थोडेसे काही घुसले. कोणी मुद्दाम केले असेल, बहुतेकांकडून नकळत झाले असेल. एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. डिस्कांच्या बाबतीतही सर्वांत वाईट बिघाड हाच. आवाज करून मरणारी डिस्क परवडली. न सांगता एखादे अक्षर बदलून वर ठणठणीत असल्याचे भासवणारी परवडत नाही. त्यावर उपाय म्हणून माझ्या डब्यातली फाइल-व्यवस्था प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा एक हिशेबी आकडा, चेकसम, जपते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळे वाचून आकडे ताडून पाहते आणि जे जुळत नाही ते दुसऱ्या डिस्कांच्या आधारे दुरुस्त करते. या कामाला स्क्रब म्हणतात, म्हणजे घासणे. साठवण ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही. देवघरातल्या तांब्यासारखी ती घासावी लागते.

घासूनही जे जाते ते वाचणारा गेल्यामुळे जाते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतल्या कागदांची मोठी दफ्तरे आहेत. कागद आहेत, शाई आहे, मराठी भाषाही आहे, आणि तरी आज सहज मराठी वाचणाऱ्या माणसाला त्यातली ओळ लागत नाही. नाशिकच्या कपाटातली डिस्क पन्नास वर्षांनी कोणाला सापडली तर ती कशाला जोडायची हे त्याला ठाऊक असेल का? म्हणून मी डब्यावर मराठीत एक कागद चिकटवला आहे: आत काय आहे, कसे उघडायचे, कोणाला विचारायचे. साऱ्या रचनेतला सर्वांत टिकाऊ भाग कदाचित तोच असेल.

एवढ्या तजविजीनंतर एके दिवशी मावशीचा फोन आला. तिच्याशी मी सलग तीन दिवस बोलले होते आणि ते सगळे मुद्रित केलेले होते. तिसऱ्या दिवशीच्या मुद्रणात तिने तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांविषयी सांगितले होते. काय, ते इथे लिहिणार नाही. फोनवर ती म्हणाली, "अगं, ते तिसऱ्या दिवसाचं पुसून टाक. बोलून गेले मी. मन मोकळं करायचं होतं, ते झालं. आता ते कुठे राहायला नको."

मी तिला विचारले, कुलूप लावून ठेवले तर? किल्ली फक्त माझ्याकडे. किंवा पन्नास वर्षांनीच उघडेल अशी काही सोय करून?

"पन्नास वर्षांनी उघडणारं माझ्याच घरातलं असेल ना?" ती म्हणाली. "तू पुसून टाक."

तिचे म्हणणे मानणे सोपे नव्हते, आणि त्याचे कारण केवळ माझा संग्रहाचा सोस नव्हे. बायकांच्या आयुष्याचा लेखी पुरावा आपल्याकडे किती थोडा आहे! ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये छापले गेले आणि विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले म्हणून आज आपण ते वाचतो. कुठेतरी एक प्रत उरली होती. मावशीसारख्या बायकांनी तर काही लिहूनही ठेवले नाही. त्यांचे मौन हे पुष्कळदा लादलेले मौन असते. 'हे राहायला नको' असे त्या म्हणतात तेव्हा त्यांच्या तोंडून घराची अब्रू बोलत असते. मग ते पुसणे म्हणजे ज्यांनी तिला गप्प बसवले त्यांना मदत करणे नव्हे का? उद्याच्या एखाद्या अभ्यासक मुलीला, किंवा तिच्याच नातीला, जे कळण्याचा हक्क आहे ते मी आज कोणत्या अधिकाराने नाहीसे करायचे?

हा युक्तिवाद खोटा नाही. मी आठ-दहा दिवस त्याच्याशी झगडत होते. पण त्यात एक जागा पोकळ आहे. ताराबाईंनी आपले पुस्तक जगासमोर ठेवले होते. जगाने ते विसरणे हा त्यांच्यावरचा अन्याय होता आणि ते पुन्हा छापणे ही त्यांच्याच इच्छेची पूर्ती होती. मावशीने जे सांगितले ते जगाला सांगितले नव्हते, मला सांगितले होते. तिच्या मौनामागे घराची अब्रू आहे की तिचा स्वतःचा निर्णय, हे तिच्यापेक्षा मला अधिक कळते असे मी धरून चालले, तर तिला गप्प बसवणाऱ्यांत आणि माझ्यात फरक एवढाच उरतो की त्यांनी तिला बोलू दिले नाही आणि मी तिला थांबू देत नाही. तिच्या शब्दाचा मालक दोन्ही वेळा दुसराच. तिच्यासारख्यांचे आवाज जपले पाहिजेत असे म्हणताना 'नको' म्हणणारा आवाजही तिचाच आहे, तो कुठे जपायचा?

मग पुसायला बसले, आणि न विसरण्यासाठी बांधलेल्या रचनेत विसरणे किती कष्टाचे आहे ते कळले. फाइल पुसली, ती रोजच्या स्नॅपशॉटमध्ये होतीच. स्नॅपशॉटच्या आत हात घालून एकच फाइल काढता येत नाही. तो पूर्ण ठेवायचा किंवा पूर्ण टाकायचा. म्हणजे ते मुद्रण झाल्या दिवसापासूनचे त्या विभागाचे सगळे स्नॅपशॉट टाकावे लागले, आणि त्यांच्यासोबत बाकी सगळ्यांच्या आवाजांना मिळालेले तेवढ्या महिन्यांचे संरक्षणही गेले. त्याआधी बाकीचे सारे शाबूत आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली. फोनमधली मूळ प्रत होती. फोनने आपणहून आंतरजालावर चढवलेली प्रत होती. ती पुसल्यावरही काही दिवस तिथल्या कचरापेटीत राहते, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. पुसले म्हणजे तरी काय? डिस्कवर पुसणे म्हणजे पत्ता खोडणे; अक्षरे तिथेच असतात, त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. नाशिकची डिस्क भावाने पाठवून दिली, ती पूर्ण कोरी करून नव्याने भरली आणि परत पाठवली. त्याने का म्हणून विचारले नाही. एवढेच म्हणाला, "ताई, मावशीचं काम ना? मग नीट कर."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. साठवण भरवशाची आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो भरवसा नेमका कोणाचा असतो? डिस्कचा नसतो, ती जाणार हे धरूनच तर सारे बांधलेले. पॅरिटीचा नसतो, ती गणित आहे. स्नॅपशॉट माझ्यापासून माहितीला वाचवतो, पण मावशीला माहितीपासून वाचवणे त्याला माहीत नाही. मावशी माझ्यासमोर बोलली ती चार डिस्क आहेत म्हणून नव्हे. उद्या 'नको' म्हटले तर ही ऐकेल, हे तिने कुठेतरी धरलेले होते. तो भरवसा नसता तर तिसरा दिवस उजाडलाच नसता. राखायला काही नसतेच. म्हणून राखण्याचे आणि पुसण्याचे कर्तव्य मला आता वेगळे दिसत नाही. दोन्ही म्हणजे दिलेला शब्द पाळणे. ज्याला पुसता येत नाही किंवा जो पुसायला तयार नाही, त्याच्याकडे ठेवायला देण्यात शहाणपण नाही, मग त्याच्याकडे कितीही डिस्क असोत.

याची किंमत आहे, आणि ती कमी दाखवण्यात अर्थ नाही. एक खरी गोष्ट जगातून गेली. पुढे कधी कोणी आमच्या घराचा इतिहास लिहिला तर त्यात एक जागा रिकामी राहील, आणि तिच्या आजूबाजूचे सगळे मिळवूनही ती भरता येणार नाही. पॅरिटी तिथे चालत नाही. ती गोष्ट आता दोघींनाच ठाऊक आहे, आणि आमच्या बाबतीत बॅकअप नाही.

गेल्या महिन्यातल्या स्क्रबचा अहवाल आला: सर्व डिस्क ठीक, दुरुस्त्या ०, त्रुटी ०. यंत्राच्या हिशेबाने सगळे जागच्या जागी आहे. मावशीला मी फोनवर तेवढेच सांगितले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि मग पहिल्या दिवशी तिने म्हटलेली भोंडल्याची गाणी भाचीला पाठवशील का, असे विचारले. ती दोन घरांत, पाच डिस्कांवर आहेत. त्याच संध्याकाळी पाठवली.